घरपट्टीच्या नोटिशीवर हिशोब छापा

प्रति,
सातारा जिल्ह्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी, कर विभागातील अधिकारी-कर्मचारी आणि सर्व नगरसेवक

महोदय, महोदया,

यंदा आमच्या गावात घरपट्टीची दर चार वर्षांनी होणारी फेरआकारणी झाली. घरोघरी नोटिसा आल्या, तशी आमच्याही घरी आली. नोटीस सासऱ्यांच्या नावाने आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, वारसनोंदीचा अर्ज दप्तरात कुठेतरी असेल, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय त्या नोटिशीवरचे दोन आकडे. एक जुनं करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर बसतो ती), दुसरं नवं करयोग्य मूल्य. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त. खाली एक ओळ: हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी. मग शिक्का, आणि सही म्हणून एक रेघ.

हरकत घ्यायची ती कशावर? घर किती चौरस मीटर धरलं, बांधकाम कोणत्या प्रकारचं धरलं, किती जुनं धरलं, दर कोणता लावला, ह्यातलं एक अक्षर त्या कागदावर नाही.

मी एका पतसंस्थेत हिशोबाचं काम करते. सभासदाला ‘तुमची बाकी वाढली आहे, मान्य नसेल तर महिन्याभरात कळवा’ एवढंच लिहून पाठवलं आणि व्याजाचा तक्ता जोडला नाही, तर लेखापरीक्षक आमच्या नावाने शेरा मारतील. सभासद काउंटरवर येऊन काय मारतील ते वेगळंच.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं तर एक कार्यालय चिडेल आणि बाकीची ‘हे आपल्याला नाही’ म्हणून मोकळी होतील. जिल्ह्याच्या वेगवेगळ्या टोकांना राहणाऱ्या नातेवाइकांनी आपापल्या नोटिसा मला दाखवल्या. कागदाचा रंग वेगळा, मजकुराची तऱ्हा तीच.

आधी एक सांगून टाकते. घरपट्टी वाढूच नये असं माझं म्हणणं नाही. दारात घंटागाडी येते, रस्त्यावर दिवे लागतात, गटारं उपसली जातात, त्याला पैसा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला घरपट्टीचे किमान दर ठरवण्याची आणि वसुली वाढवत नेण्याची अट घातली होती, म्हणजे वरूनही तुमच्यावर दाब असतो हे कळतं. तीन मजले चढवून अजून पत्र्याच्या घराची पट्टी भरणारे महाभाग आमच्याही आळीत आहेत. ते सापडले तर मला आनंदच आहे. फेरआकारणी करा, जरूर करा. माझं भांडण फक्त एवढ्याशी आहे की तुम्ही उत्तर कळवता आणि हिशोब स्वतःजवळ ठेवता.

हिशोब कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको. पण हे पत्र तुमच्याबरोबर गावही वाचणार आहे, म्हणून लिहिते. नगरपरिषदांचा 1965 चा अधिनियम सांगतो की घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवीपणे किती भाडं यावं तो आकडा धरायचा. प्रत्यक्षात त्याहून जास्त भाडं येत असेल तर ते धरायचं. त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या खर्चापोटी 10 टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली, आमच्याकडे अजून भाड्याचीच आहे. आता प्रत्येक घराचं भाडं कोणी विचारत बसत नाही. त्यासाठी दरपत्रक असतं. गावाचे भाग पाडलेले असतात, बांधकामाचे प्रकार ठरलेले असतात (आरसीसी म्हणजे कॉलमवर उभं, लोड बेअरिंग म्हणजे भिंतींवर उभं, पत्र्याचं, मातीचं), वापर निवासी की बिगरनिवासी ते पाहतात, आणि त्यावरून चौरस मीटरला महिन्याचा दर निघतो. घर जुनं असेल तर वयाप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची सूट, मिळायला हवा. जे मूल्य निघेल त्यावर ठरावाने ठरलेल्या टक्क्यांनी एकत्रित मालमत्ता कर बसतो. त्याशिवाय वृक्ष उपकर आणि शासनासाठी गोळा होणारा शिक्षण उपकर. ह्या शिक्षण उपकराचा टक्का मूल्याच्या टप्प्यांप्रमाणे चढत जातो आणि बिगरनिवासी जागेला तो निवासीपेक्षा जड असतो. बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी उपकरही येतो.

आता एक समजण्यापुरतं उदाहरण. खरे दर आपापल्या गावच्या दरपत्रकात असतात, मी सोपे आकडे घेते. घसाराही बाजूला ठेवते.

साठ चौरस मीटरचं लोड बेअरिंग घर, दर महिन्याला चौरस मीटरमागे 10 रुपये. महिन्याचं भाडं 600, वर्षाचं 7,200. दहा टक्के गेले, करयोग्य मूल्य 6,480. कर 25 टक्के धरला तर 1,620 रुपये.

मोजणीला आलेल्याने ‘लोड बेअरिंग’च्या जागी ‘आरसीसी’ लिहिलं. त्याचा दर 15. आता वर्षाचं भाडं 10,800, मूल्य 9,720, कर 2,430. मग गच्चीवरची 30 चौरस मीटरची पत्र्याची शेड खोली म्हणून धरली. एकूण 90 चौरस मीटर, मूल्य 14,580, कर 3,645. शेवटी पुढची 12 चौरस मीटरची खोली बिगरनिवासी केली, तिचा दर 30. मूल्य झालं 16,524 आणि कर 4,131 रुपये.

दर एका पैशानेही वाढलेला नाही. सभागृहात ठराव नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. रकान्यातले तीन शब्द बदलले आणि कर अडीचपट झाला. वर्षाला 2,511 रुपये जास्त, आणि पुढच्या फेरआकारणीपर्यंत चार वर्षं धरली तर 10,044. उपकर आणखी वेगळे.

हे उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. ह्या तिन्ही गोष्टी आमच्या घराला लागल्या आहेत.

आमचं घर 1984 सालचं. भाजक्या विटांच्या जाड भिंती, पुढच्या अर्ध्या भागावर स्लॅब, मागे मंगलोरी कौलं. सगळ्या घरात एक कॉलम नाही. स्लॅब दिसला की आरसीसी, अशी समजूत मोजणीवाल्यांची असावी. स्लॅब भिंतींवर उभा आहे की कॉलमवर, हे भिंतीची जाडी बघितली तरी कळतं. पण त्यासाठी आत यावं लागतं.

स्लॅबवर चार वर्षांपूर्वी पत्रा घातला. सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्या माणसाला स्लॅबवर पत्रा का घालतात हे सांगावं लागू नये. जून ते सप्टेंबर छत गळतं, डांबर लावून झालं, रसायनं ओतून झाली, शेवटी लोखंडी अँगल उभे करून वर पत्रे. तिन्ही बाजू उघड्या आहेत. उन्हाळ्यात तिथे कुरडया वाळतात, पावसाळ्यात कपडे.

मोजणीला मुलगा आला तेव्हा घरी सासूबाई एकट्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरचं यंत्र, मोबाइलवर ॲप. बोलायला चांगला होता, सासूबाईंनी त्याला चहा दिला. त्याने बोळातून बाहेरच्या बाहेर लांबी-रुंदी घेतली, जिन्याने वर जाऊन आला आणि विचारलं, “आजी, वर कोण राहतं का?” सासूबाई म्हणाल्या, “राहतंय कोण बाबा तितं? उन्हाळ्यात पोरं झोपत्यात वर.” मोजणीपत्रकात त्याचं झालं: ‘पहिला मजला, पत्रा शेड, वापर निवासी.’ आणि शेड चार वर्षांची म्हणून ‘बांधकाम वर्ष’ ह्या रकान्यात सगळ्या घरालाच ते वर्ष. चाळीस वर्षांचं घर एका फटक्यात नवं झालं, घसारा गेला.

पुढच्या खोलीच्या खिडकीला एक पाटी आहे, ‘येथे साडीला पिको-फॉल करून मिळेल’. जाऊबाई करतात. खोलीत एक शिलाई मशीन, त्याच खोलीत रात्री आम्ही जेवतो, पाहुणे आले की तिथेच अंथरुणं पडतात. लग्नसराईत चार साड्या येतात, आषाढात एकही नाही. त्या पाटीचा फोटो ॲपमध्ये गेला आणि खोली बिगरनिवासी झाली. पाटीचा फोटो आहे, शिलाई मशीनशेजारच्या पलंगाचा नाही.

मी त्या मुलाला दोष देत नाही. दिवसाला इतकी घरं मोजायची असं त्याच्यावर बंधन असणार आणि पैसेही बहुधा घरामागे मिळत असणार. दोष त्या पद्धतीचा आहे जिच्यात त्याने भरलेला रकाना घरमालकाला दाखवायचा नसतो.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार मुदतीची. नोटिशीत तपशील नाही, म्हणून मी मोजणीपत्रक मागायला गेले. “साहेब आले की विचारा.” साहेब आले की, “लेखी द्या.” लेखी दिलं की, “माहिती अधिकारात मागा.” दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात मागितलं. त्या कायद्याने माहिती द्यायला तुम्हाला 30 दिवस असतात. हरकत घ्यायला आम्हालाही 30 दिवस असतात. म्हणजे कागद हातात यायचा दिवस आणि हरकतीचा शेवटचा दिवस, दोन्ही सोबतच उजाडतात. कागद जरा रेंगाळला की संपलंच. मी ‘मूल्य मान्य नाही, तपशील द्यावा, तपशील मिळाल्यावर सविस्तर म्हणणं मांडीन’ अशी मोघम हरकत मुदतीत टाकली, कारण कागदाचं काम रोजचं असल्यामुळे तेवढं सुचलं. आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावणाऱ्या बाईंना हे कोण सुचवणार? त्या म्हणाल्या, “आलंय तर भरायचं, दुसरं काय.” बहुतेक घरं अशीच गप्प बसली आहेत. ते गप्प बसणं तुमच्या अहवालात ‘हरकत नाही’ म्हणून मोजलं जातं.

कायदा एवढा आखडता नाही. आकारणी यादी तयार झाली की तुम्ही जाहीर सूचना द्यायची, यादी कुठे पाहायला मिळेल ते सांगायचं, यादीत ज्याची मिळकत आहे त्याने किंवा त्याच्या माणसाने ती पाहायची, हवा तो उतारा फुकट टिपून घ्यायचा. हरकतीसाठी निदान तीस दिवस द्यायचे, आणि ज्याची आकारणी वाढली किंवा पहिल्यांदाच झाली त्याला वेगळी नोटीस द्यायची. हे सगळं त्याच 1965 च्या अधिनियमात आहे. यादी, म्हणजे सगळी यादी. मी ती पाहायला मागितली तर “तुमच्या घराचं सांगतो की, लोकांची कशाला बघताय?” असं उत्तर मिळालं. लोकांची बघितल्याशिवाय मला कसं कळणार की तशाच घराला शेजारच्या आळीत कोणता दर लावलाय? वाजवी भाडं हे शेजारच्या घरांशी ताडूनच ठरतं ना?

दुसरी तक्रार मोजणीची. मोजून गेल्यावर दारात एक चिठोरंही राहत नाही. गॅसचं सिलिंडर दिलं तरी पावती मिळते. घराची मापं घेतल्यावर कुणाची सही नाही, प्रत नाही, चूक असेल तर जागच्या जागी दाखवायची सोय नाही. मापं बाहेरून घेतलीत की आतून, चौरस फुटात लिहिलीत की मीटरमध्ये, हेही समजत नाही. एका चौरस मीटरमध्ये 10.76 चौरस फूट असतात. फुटाचा आकडा मीटरच्या रकान्यात पडला तर काय होईल ते सांगायला नको.

शेड आणि पाटीबद्दल वर लिहिलंच आहे. त्यात एवढीच भर घालते की तिन्ही बाजूंनी उघड्या पावसाळी शेडचं काय करायचं ह्याचा लेखी नियम मला कुणी दाखवला नाही. एका वॉर्डात ती धरतात, दुसऱ्या वॉर्डात सोडतात. जो मोजायला येईल त्याची मर्जी.

आणि इथेच लोक का बोलत नाहीत ते दडलेलं आहे. शेडला परवानगी घेतलेली नसते. अनधिकृत बांधकामावर करापलीकडे दुप्पटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद कायद्यात आहे, हे लोकांच्या कानावर आलेलं असतं. “हरकत घेतली की साहेब बांधकामच काढतील”, असं म्हणून माणूस मुकाट्याने पावती फाडतो. हे तुमच्या खात्याला माहीत नाही असं मी मानत नाही. भीतीमुळे न आलेल्या हरकतीला संमती म्हणू नका.

सुनावणीबद्दल. ऐकणारे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी नगररचना खात्याचे, म्हणजे आकारणी करणाऱ्या कार्यालयाबाहेरचे. ही तरतूद खरोखर चांगली आहे. अधिकारी सौजन्याने बोललेही. पण सगळ्यांना सकाळी 11 ची एकच वेळ. हॉलमध्ये म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसलेली, रोजंदारीवाले दुपारपर्यंत वाट पाहून निघून गेलेले. माझा नंबर आला तेव्हा शेडबद्दल ऐकून घेतलं, कॉलम नसल्याचे फोटो पाहिले, पिको-फॉलबद्दल “बघू” म्हणाले. निर्णय काय, कोणत्या कारणाने, हे लेखी अजून आलेलं नाही. बिल मात्र आलं, नव्या मूल्याने. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणून लोक घाबरून भरतात. पुढे अपील करायचं तर त्याची मुदत थोडी आणि आधी बिलाची रक्कम जमा करायची. अपिलात मुद्दा तरी कोणता मांडायचा, जर सुनावणीचा निर्णय कारणासकट हातातच नाही?

आणखी एक. हा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरी ह्या गावाचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती मालमत्ता करातून सूट द्यायचा निर्णय राज्याने 2020 मध्ये घेतला, त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. आमच्या गल्लीत एका वीरपत्नी आहेत. त्यांना हे नोटिशीवरून कळलं नाही, बिलावरून कळलं नाही. पेन्शनच्या कामाला गेल्या तेव्हा रांगेतल्या बाईने सांगितलं. नोटिशीच्या मागची बाजू अख्खी कोरी असते. तिथे एक ओळ मावली नसती का?

हद्दवाढीत आलेल्या भागांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. 2020 मध्ये साताऱ्याची हद्द वाढली तेव्हा शाहूपुरी, विलासपूरसारख्या वस्त्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधून, म्हणजे तिथल्या आकारणी नोंदवहीतून, नगरपरिषदेच्या यादीत आल्या. ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर, इथली भाड्याच्या मूल्यावर. रीतच बदलली म्हटल्यावर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना सामान्य माणूस करूच शकत नाही. जिथे जिथे हद्द वाढेल तिथे तर हिशोब दाखवण्याची गरज दुप्पट. त्यावर तिथल्या रहिवाशांनीच लिहावं. मी त्यात पडत नाही.

मागण्या सरळ आहेत, आणि एकीलाही नवा कायदा लागत नाही.

नोटिशीवर हिशोब छापा. मजलानिहाय क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर, भाग, दर, घसारा, दहा टक्के वजावट, शेवटी मूल्य. आठ-नऊ रकाने. ही सगळी माहिती तुमच्या संगणकात भरलेली असते, नाहीतर आकडा निघालाच नसता. छापायला लागते ती कोऱ्या मागच्या बाजूची शाई.

ज्या नोटिशीवर हा तपशील नाही, तिची हरकतीची मुदत तपशील दिल्याच्या दिवसापासून धरा. यंदा गेलेल्या नोटिसांनाही हे लागू करा.

मोजणी झाली की मापांची प्रत घरातल्या माणसाच्या हातात द्या, त्याची सही घ्या. सही नाकारली तर तसं लिहा.

दरपत्रक आणि आकारणी यादी कार्यालयात टेबलावर ठेवा, संकेतस्थळावर टाका. मागणाऱ्याला प्रश्न विचारू नका.

पावसाळी शेड, पडवी, जिना, गोठा आणि घरातल्या घरात चालणारं शिवणकाम, शिकवणी, खानावळीचे डबे ह्यांचं काय करायचं ते एका पानावर लिहून सगळ्या वॉर्डांना सारखं लावा. घरकामाच्या जोडीने एका मशीनवर चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या खोलीला दुकान म्हणू नका, एवढी विनंती नगरसेवकांना खास करून. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. सभागृहात बसलेल्या ताईंपैकी कितीजणींच्या घरी पिको-फॉलचं मशीन असेल ते त्यांनीच आठवावं.

सुनावणीला वेळा वाटून द्या, निर्णय कारणासकट लेखी द्या, आणि तो देईपर्यंत वाढीव रकमेवर शास्ती लावू नका. निदान तोवर किती भरायचं हे बिलावर स्पष्ट लिहा. माजी सैनिकांची सूटही तिथेच लिहा.

गावकऱ्यांसाठी दोन शब्द, कारण कार्यालय सुधारेपर्यंत नोटिसा थांबणार नाहीत. मागच्या आकारणीचा असेसमेंट उतारा काढून ठेवा, नव्या आकड्याला ताडून पाहायला तेवढाच आधार असतो. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला सापडत असेल तर घराच्या वयाचा वाद तिथेच मिटतो. नसेल तर जुनं वीजबिल किंवा जुनी घरपट्टीची पावती चालते का विचारा. वीजजोडणी घरगुती दराची असेल तर निवासी वापराला तो चांगला पुरावा आहे. टेप घेऊन खोली-खोली मोजा, मीटरमध्ये, आणि साध्या कागदावर आकृती काढून मापं लिहा. शेडचे फोटो तिन्ही उघड्या बाजू दिसतील असे काढा. नोटीस ज्या दिवशी मिळाली ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा, मुदतीचा वाद तिच्यावर फिरतो. तपशील मिळाला नसेल तर थांबू नका; ‘मूल्य मान्य नाही, तपशील द्यावा’ एवढी हरकत मुदतीत देऊन पोच घ्या. आणि घरपट्टीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, त्यामुळे हरकत घेतल्याने घर हातचं जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ह्या पत्राची प्रत मी आमच्या नगरपरिषदेच्या आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. लेखी उत्तर अपेक्षित आहे. उत्तर आलं तर ते काना-मात्रा न बदलता इथेच प्रसिद्ध करीन. माझं काही चुकीचं ठरवणारं असलं तरीही. बिलापैकी जुन्या मूल्याप्रमाणे होणारी रक्कम मी भरली आहे, पावती माझ्याजवळ आहे. उरलेल्या रकमेचा हिशोब दाखवा, पटला तर तीही भरते.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक करदाती